रातांबे मे महिन्यात, गाडी फेब्रुवारीत: कुडाळजवळच्या एका कोकम सरबत युनिटची केस

नावं काढून टाकलीत, आकडे थोडे फिरवून गोल केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय. धंदा छोटा आहे, तरी लॉजिस्टिक्स म्हणून जे काय शिकवतात ते जवळपास सगळं यात येऊन गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

कुडाळपासून हायवे सोडून थोडं आत एक घर, घराला लागून पत्र्याची शेड. चालवणाऱ्या बाईंना गावात सगळे काकी म्हणतात, म्हणून इथेही काकीच. सोबत पुतण्या, डिप्लोमा झालेला, मुंबईची नोकरी सोडून परत आलेला. मी त्यांचं जीएसटी आणि हिशोबाचं काम बघतो, त्यामुळे बिलं, बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या), डेबिट नोटा (नुकसानीपोटी गिऱ्हाइकाने कापलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या) सगळं माझ्या हातातून जातं.

माल म्हणजे कोकम सरबत, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि थोडी आमसुलं. सरबत आणि आगळ काचेच्या बाटलीत, बारा बाटल्यांचा बॉक्स, घाऊक भाव बॉक्सला साधारण १२०० रुपये. साखरेचा पाक आणि काच असल्यामुळे एक बॉक्स सोळा किलोच्या आसपास भरतो. काही बॉक्स घरूनच विकले जातात, बाकीचा मोठा भाग पुण्याच्या एका डिस्ट्रिब्युटरला, थोडा मुंबईला.

आता यातली खरी गोम अशी की रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे मध्ये, पाऊस पडायच्या आत काढावे लागतात, म्हणजे वर्षभराचा माल पाच-सहा आठवड्यांत बनवायचा. आणि सरबत विकतं कधी, तर मार्च ते मे. म्हणजे या वर्षी बनवलेलं सरबत बऱ्यापैकी पुढच्या उन्हाळ्यात विकायचं असतं, मधे दहा महिने ते शेडमध्ये बसून. बनवायची घाई आणि विकायची घाई दोन्ही एकाच महिन्यात, त्याच चार माणसांवर.

२०२४ च्या उन्हाळ्यात काय झालं

मार्चमध्ये पुण्याची ऑर्डर दोन दिवसांत पोचत होती. एप्रिल लागला आणि तोच माल पोचायला सहा दिवस, आठ दिवस, एकदा तर नऊ. कारण एप्रिलमध्ये सिंधुदुर्गात प्रत्येक टेम्पो हापूसला लागलेला असतो. आंबेवाला जास्त भाडं देतो आणि रोज देतो. ट्रान्सपोर्टवाल्याने काकींना तोंडावर सांगितलं, "वैनी, आंबो थांबना नाय, तुमची बाटली थांबता." त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्यात त्या वर्षी जानेवारीपासून करूळ घाट कामासाठी बंद होता, कोल्हापूरकडची सगळी वाहतूक फोंडा आणि बाकीच्या घाटांवर आलेली. पार्ट लोडचा, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच गाडीत थोडा माल पाठवायचा, दर बॉक्सला ९० रुपयांवर गेला. बरं ९० देऊनही माल सरळ जात नव्हता, कोल्हापुरात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा, म्हणजे हमालीचे दोन हात जास्त आणि तेवढी फूट जास्त. तीन प्लायचा (थरांचा) पुठ्ठा, आत पार्टिशन नाही, बाटली बाटलीला लागून. शंभरात चार बाटल्या फुटायच्या. आणि एक बाटली फुटली की पाक सगळ्या लेबलांवर, म्हणजे बॉक्समधल्या बाकी अकरा बाटल्या पुसून नवीन लेबल लावल्याशिवाय दुकानात ठेवता येत नाहीत.

डिस्ट्रिब्युटरने दोन डेबिट नोटा पाठवल्या. त्या परवडल्या असत्या, पण एप्रिलच्या मध्यावर त्याने दुकानांत दुसऱ्या कोणाचं सरबत लावलं आणि मे अखेरपर्यंत ते तिथेच राहिलं. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

तिकडे शेडमध्ये वेगळाच गोंधळ. रोज ४०० बाटल्या भरत होत्या. रिकाम्या बाटल्या ३००० उरल्या तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला, कारण एरवी माल आठ दिवसांत येतो. ४०० गुणिले ८ म्हणजे ३२००, म्हणजे अंदाज फार चुकीचा नव्हता. पण मे महिन्यात बाटल्या यायला पंधरा दिवस लागले. त्या हिशोबाने फोन ६००० शिल्लक असतानाच करायला हवा होता, वर थोडा राखीव साठा वेगळा. आठवडाभर भरणं बंद. ड्रम भरून वाहतायत, बायका रोजावर बसून, आणि दारात रातांबे येतच आहेत, ते तर ठेवून चालत नाहीत, लगेच मऊ पडतात. शेवटी बरेच रातांबे मिळेल त्या भावात दुसऱ्याला दिले.

आणि ऑर्डरी? काकींच्या फोनवर, पुतण्याच्या फोनवर, आणि घरच्या जुन्या नंबरवर. वही एक, पण लिहायला कोणाला वेळ नाही. एक ऑर्डर दोनदा गेली, एक गेलीच नाही.

पुस्तकात लॉजिस्टिक्सची व्याख्या सात योग्य गोष्टींची असते: योग्य माल, योग्य प्रमाणात, योग्य स्थितीत, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य ग्राहकाला, योग्य खर्चात. इथे माल योग्य होता आणि ग्राहक योग्य होता. बाकी पाचही गडबडलेल्या.

पर्याय काय होते

दिवाळीनंतर आम्ही तिघं बसलो. पुतण्याचं आधीच ठरलेलं होतं, स्वतःचा टेम्पो घ्यायचा. कोकणात हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो, कारण गाडी मिळत नाही हा राग खरा असतो. मी कागदावर मांडलं: हप्ता १६ हजार, ड्रायव्हर १५ हजार, विमा-टायर-दुरुस्ती धरून ७ हजार. महिन्याला ३८ हजार, डिझेल वेगळं. आणि त्यांचं वर्षाचं एकूण भाडं होतं १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार. शिवाय पुण्याहून येताना गाडी रिकामी, पावसात चार महिने उभी. पुतण्या म्हणाला बाकीच्या वेळात भाड्याने लावू, तर तो दुसराच धंदा झाला, त्याला रात्री-अपरात्री उठणारा माणूस लागतो. काकींनी एका वाक्यात विषय संपवला, "गाडी उभी रवली तरी हप्तो थांबता काय?"

दुसरा पर्याय, पुण्यातल्या एका एजन्सीला सगळं सोपवायचं, साठा तेच ठेवणार, दुकानात तेच पोचवणार. त्यांनी ८ टक्के मागितले, म्हणजे बॉक्सला ९६ रुपये, वर ४५ दिवसांची उधारी. जमत नव्हतं.

तिसरा पर्याय मी सुचवला आणि सुरुवातीला दोघांनाही तो पटला नाही. माल फेब्रुवारीतच पुण्याला नेऊन ठेवायचा. माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्याकडे गाडीचा दर किलोमीटरवर ठरत नाही, तारखेवर ठरतो. कुडाळ-पुणे अंतर फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये तेच आहे. घाटावरून भाजी घेऊन सिंधुदुर्गात आणि पुढे गोव्यात रोज गाड्या उतरतात, त्यातल्या कितीतरी परत जाताना रिकाम्या असतात. फेब्रुवारीत अशी परतीची गाडी शोधली तर पूर्ण गाडी २२ हजारांत पुण्यापर्यंत मिळत होती. ४०० बॉक्स म्हणजे ६.४ टन, बॉक्सला ५५ रुपये, आणि मधे कुठे उतरवणं-चढवणं नाही.

काकींचा आक्षेप होता, माल तीन महिने आधी पाठवला म्हणजे पैसे अडकले. हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, पण पैसे तर मागच्या मे महिन्यापासून अडकलेलेच आहेत की, माल कुडाळात पडला काय आणि पुण्यात पडला काय. वाढतं ते फक्त पुण्याचं भाडं. मी असा हिशोब दाखवला.

एप्रिलमध्ये पार्ट लोड: भाडं ९०, फूट ४ टक्क्यांनी ४८, एकूण १३८.

फेब्रुवारीत पूर्ण गाडी: भाडं ५५, तीन महिन्यांचं गोदाम १८, जादा हमाली ८, पाच प्लायचा बॉक्स आणि पार्टिशनचे १४, फूट दीड टक्का धरून १८, एकूण ११३.

फरक बॉक्समागे २५ रुपये. ४०० बॉक्सचे दहा हजार. यासाठी कोण एवढी उठाठेव करेल! पुतण्याही तेच म्हणाला. पण नुसत्या भाड्याची पावती बघत बसलो तर पॅकिंग महाग वाटतं आणि गोदाम फुकटचा खर्च वाटतो, एकत्र मांडलं की कळतं कुठला खर्च कुठल्या खर्चाला खातोय. आणि २५ रुपयांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती, एप्रिलमध्ये माल दुकानापासून एका रिक्षाच्या अंतरावर असणार होता.

निर्णय मात्र या हिशोबावर झाला नाही, शेडवर झाला. ४०० बॉक्स फेब्रुवारीत बाहेर गेले की शेडमध्ये जागा मोकळी होते आणि तिथे मे महिन्याच्या रिकाम्या बाटल्या आधीच आणून ठेवता येतात. रिकाम्या बाटल्यांचं दुखणं म्हणजे त्या जागा खातात, गाडी भरते पण काट्यावर वजन दिसत नाही, म्हणून आधी कधी त्या साठवताच आल्या नव्हत्या. हे काकींच्या लगेच लक्षात आलं. मी तोवर दोन्ही अडचणी वेगळ्या धरून चाललो होतो, जोडून बघितलं ते त्यांनी.

एक आडवळण: पुतण्याने कुठेतरी किफायतशीर ऑर्डरच्या आकाराचं, म्हणजे एका वेळी किती मागवलं तर खर्च सगळ्यात कमी येतो त्याचं, सूत्र वाचलं होतं, फोर्ड हॅरिसचं १९१३ चं, आणि बाटल्यांसाठी ते लावून बघितलं. ते सूत्र वर्षभर सारखी मागणी धरतं. इथे अकरा महिने मागणी जवळपास शून्य आणि एक महिना रोज ४००. सूत्र चांगलंच आहे, फक्त या शेडसाठी नाही. इथे प्रश्न सरळ होता, किती मावतात आणि कधीपर्यंत आल्या पाहिजेत.

काय केलं

पुण्यात जागा शोधणं हा पहिला निर्णय. मार्केट यार्डजवळ व्यापारी गोदाम मिळत होतं, महिन्याला ६ हजार, पण अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट. काकींच्या चुलत दिरांचा गाळा होता, अर्धा रिकामा, ते २४०० ला तयार. गरज तीन महिन्यांची, म्हणून दिरांचा गाळा घेतला. त्या वेळी मलाही ते बरोबर वाटलं.

कागदपत्रांना वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. गाळा जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवावा लागला, आणि खाण्याचा पदार्थ साठवणार म्हणून अन्न परवान्याचं काम तिथलं वेगळं. माल विकलेला नाही, आपल्याच एका जागेतून दुसऱ्या जागेत चाललाय, तरी डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) लागतंच, कारण ४ लाख ८० हजारांचा माल होता आणि राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची आहे. हे काम डिसेंबरमध्ये सुरू केलं म्हणून जमलं. जानेवारी अखेरीस सुरू केलं असतं तर गाडी मार्चमध्ये निघाली असती आणि मार्च संपला की परत आंबा.

पॅकिंग बदललं. पुठ्ठा दमट हवेत लवकर दम सोडतो आणि आपल्याकडे हवा दमटच, त्यामुळे बॉक्स थेट कोब्यावर न ठेवता खाली लाकडी फळ्या टाकल्या, थप्पी सहाऐवजी पाचची केली. भाजीची गाडी होती म्हणून आधी धुऊन एक दिवस सुकवून घेतली, खाली ताडपत्री. ड्रायव्हर वैतागला, पण चहा-नाश्त्यावर मिटलं. गाडी आंबोलीमार्गे आजरा, संकेश्वर करून पुढे हायवेला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात.

ऑर्डरींसाठी एकच नंबर, एकच वही, आणि रात्री वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. हे सगळ्यात स्वस्त काम होतं आणि सगळ्यात जास्त भांडण यावरूनच झालं, कारण काकींच्या जुन्या गिऱ्हाइकांना काकींशीच बोलायचं असतं.

बाटल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात मागवल्या, ६००० नाही तर ८०००, जेवढ्या मावत होत्या तेवढ्या.

निकाल

बाटल्यांचं काम चोख झालं, मे महिन्यात भरणं एक दिवसही थांबलं नाही. गाडीत ४८०० बाटल्यांपैकी तिसेक फुटल्या, म्हणजे धरलेल्या दीड टक्क्याच्याही खूप खाली. डिस्ट्रिब्युटरला एप्रिलमध्ये ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी माल मिळत होता आणि त्याने जागा परत दिली.

पण चारशे बॉक्समध्ये काय भरायचं हे कोणी नीट ठरवलंच नव्हतं. शेडमध्ये जे पुढे होतं ते चढलं: सरबत २५०, आगळ १५०. पुण्यात सरबत एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत संपलं आणि आगळ बसून राहिलं. म्हणजे जे टाळायचं होतं तेच, आंब्याच्या ऐन गर्दीत टेम्पो शोधून १५० बॉक्स सरबत चढ्या भावात पाठवावं लागलं. मागच्या वर्षीची पुण्याची बिलं माझ्याच फाइलमध्ये होती, दर पाच बॉक्समागे आगळ एक सुद्धा भरत नव्हतं.

मग निसर्गाने हात दाखवला. २०२५ ला मान्सून २५ मेलाच कोकणात आला, त्याच्या आधीपासूनच पाऊस सुरू होता. रातांब्याचा शेवटचा तोडा भिजला, आणि पुण्यातही ऊन गेलं तसं सरबत मंदावलं. नशीब एवढंच की मुख्य विक्री एप्रिलमध्ये होऊन गेली होती. माल नेहमीसारखा रखडत पोचला असता तर बराचसा पावसात अडकला असता.

दिरांच्या गाळ्याचं काय झालं ते सांगायलाच हवं. मे अखेरीस मोजदाद केली तर ९ बॉक्स कमी. चोरी वगैरे काही नाही, "अहो वैनी, सोसायटीतल्या लोकांना चाखायला दिल्या, जाहिरातच झाली की." बाटल्या पुढून उचलल्या जात होत्या, त्यामुळे जुनी बॅच मागेच राहिली. नात्यात बोलणार कसं, म्हणून एक रजिस्टर ठेवलं आणि रोज संध्याकाळी उरलेल्या थप्पीचा फोटो मागवायला सुरुवात केली. फोटो आठवड्यातून तीनदा येतो, तेवढं चालतं.

उरलेले ९० बॉक्स आगळ परत आणायचं का, यावर दोन आठवडे चर्चा. परतीचं भाडं, हमाली, परत फूट, आणि आणून पुन्हा शेडच भरायची. काकींना माल समोर हवा होता, "माल नजरेआड गेलो म्हणजे गेलो." शेवटी पुण्यातल्या दोन मालवणी खानावळींना सोलकढीसाठी दिलं, भाव कमी घेऊन. त्यांनीच विचारलं की एवढ्या बाटल्या फोडत बसण्यापेक्षा पाच लिटरच्या कॅनमध्ये का देत नाही. खरंच का देत नव्हतो? आगळ सुरुवातीपासून बाटलीत भरलं जायचं, म्हणून भरलं जायचं. कॅन फुटत नाही, लेबलचा खर्च कमी, आणि रिकामी बाटली वाचते ती वेगळीच.

परत केलं तर वेगळं काय

गाडीत काय चढवायचं ते मागच्या तीन उन्हाळ्यांच्या बिलांवरून ठरवेन, शेडच्या पुढच्या रांगेवरून नाही. आणि सगळा माल एकदम पाठवणार नाही. थोडा कुडाळातच लेबल न लावता ठेवायचा, मार्चच्या मध्यावर पुण्याचा कल बघून मग कुठलं लेबल, कुठला बॉक्स ते ठरवायचं. सरबत आणि साखर कमी असलेलं सरबत एकाच बाटलीत जातं, शेवटच्या क्षणी लेबल लावायला दोन बायकांचा एक दिवस लागतो.

ट्रान्झिट इन्शुरन्स, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, काढायचा. पावणेपाच लाखांहून जास्त किमतीचा काचेचा माल आंबोली घाटातून विम्याशिवाय गेला आणि काही झालं नाही, म्हणून कोणी त्यावर बोलत नाही. मला अजून ते खटकतं.

गाळ्याबद्दल माझं मत आता अर्धवट आहे. तीन महिन्यांचे ७२०० धरले होते, आगळ अडकल्यामुळे पाच महिन्यांचे १२ हजार गेले, ९ बॉक्सचे १०,८०० धरा. तरी व्यापारी गोदामाचे अकरा महिन्यांचे ६६ हजार त्याच्या कितीतरी वर. म्हणून दिरच राहणार, रजिस्टरसकट.

मुंबईचं घोंगडं भिजतच आहे. तिकडे वीस-तीस बॉक्सच्या ऑर्डरी जातात, कधी पार्ट लोडने, कधी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी असते, तेव्हा डिकीसुद्धा चाकरमान्यांच्या बॅगांनी भरलेली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तेच चाकरमानी परत जाताना दारातून बॉक्स उचलून नेतात, भाडं त्यांचं, हमाली त्यांची, फुटली तर तीही त्यांची.

२०२६ साठी गाडी जानेवारी अखेरीस ठरवायची आहे: २८० बॉक्स सरबत, ४० बॉक्सच्या वजनाएवढं आगळ कॅनमध्ये, आणि ८० बॉक्स बिनलेबलचे कुडाळात. पुतण्याने पनवेलच्या एका गोदामाचा दर आणलाय, मुंबईसाठी. काकींनी कागद ठेवून घेतलाय, हो म्हटलेलं नाही.